सोयरे शोधणारा बसवराज

बसवराज माझ्या घरी सतरंजीवर झोपला होता आणि मी त्याला उठवलं नाही, ही माझी चूक. ऐकायला ती एवढीशीच वाटते. दमून आलेल्या मित्राची झोप मोडू नये, असं वाटण्यात काही वाईट नाही. पण त्या दुपारी त्याला हलवून "बसू, जरा हे बघ, हे असं काय दिसतंय?" एवढं विचारलं असतं, तर त्याचं सगळ्यांत लाडकं काम वाचलं असतं. मी विचारलं नाही. ते काम माझ्या हातानं पुसलं गेलं, त्याचा दोष भलत्याच माणसाच्या माथी बसला, आणि हे कळल्यावरही मी वर्षानुवर्षं गप्प राहिलो. काही आठवड्यांपूर्वी बसवराज गेला. मित्र गेल्यावर त्याच्या चार चांगल्या गोष्टी लिहाव्यात अशी रीत आहे, आणि त्याच्या पुष्कळ आहेत. पण हे आधी सांगितल्याशिवाय त्या लिहिण्याचा मला हक्क नाही.

बातमी त्याच्याच फोनवरून आली. मी शाळेत निघालो होतो, पायात एक बूट घातला होता, आणि मोबाईलवर 'बसू लातूर' असं नाव उमटलं. मी नेहमीसारखं म्हणालो, "बोला सोयरे!" पलीकडून घरातल्या माणसांचा गलका ऐकू येत होता, मागे कुणीतरी 'खुर्ची आणा, हातावाली आणा' म्हणत होतं. मला वाटलं, घरी काही कार्यक्रम असेल... मग त्याच्या बायकोचा, महानंदा वहिनींचा आवाज आला. "भाऊजी, तुमचे सोयरे गेले." पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या दारापर्यंतच तो पोहोचला. नांदेडहून लातूरला मी कसा गेलो ते नीट आठवत नाही. पोहोचलो तेव्हा त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे त्याला खुर्चीत बसवलेलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात हार. गिऱ्हाईक समोर बसलंय, त्याला कुणाचं तरी नाव आठवत नाहीये, आणि हा शांतपणे वाट बघतोय, असाच त्याचा चेहरा दिसत होता.

आमची ओळख नांदेडची. मी बिलोली तालुक्यातल्या शेतकरी घरातला, तो उदगीरकडच्या लिंगायत व्यापारी घरातला. दोघंही शिकायला नांदेडला आलो आणि एका खोलीत पडलो. आईशी बोलताना तो मध्येच कन्नडमध्ये शिरायचा, मला काही कळायचं नाही, आणि फोन ठेवल्यावर तो मला सगळं मराठीत सांगायचा, जणू माझ्याच घरचा निरोप होता. नव्या माणसाला भेटला की बसूचा पहिला प्रश्न ठरलेला. "मामाचं गाव कुठलं?" मग आत्या कुठं दिली, मावशी कुठं, थोरल्या भावाची सासुरवाडी कोणती. खानावळीत एकदा धर्माबादचा एक जण वैतागून म्हणाला, "तुला काय करायचंय रे? पोरगी द्यायलास का मला?" बसू म्हणाला, "न्हाई रे बाबा. बघून ठेवायलो. काय नेम, तू माझा कुणीतरी निघशील." सगळे हसले. मला तो पहिल्या दिवसापासून सोयरे म्हणायचा. आमच्या जाती वेगळ्या, नातं लागायचा प्रश्नच नव्हता. मी तसं म्हटलं की तो म्हणे, "अजून लागलं न्हाई. लागंल."

पुढे मी नांदेडच्या एका शाळेत संगणक शिकवायला लागलो आणि त्यानं लातूरला गंजगोलाईच्या बाजारामागच्या एका गल्लीत डीटीपीचं दुकान टाकलं. पाट्या, पावत्या, हँडबिलं तो करायचा, पण त्याचं नाव झालं ते लग्नपत्रिकांमुळं. पत्रिका म्हणजे नुसती तारीख आणि मंगल कार्यालयाचा पत्ता नसतो, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, कोण निमंत्रक आणि कोण नुसताच 'आपले नम्र', यावरून सख्खे भाऊ अबोला धरतात. बसूच्या दुकानात मी एकदा तासन्‌तास बसून ही गंमत पाहिली. एका नवरीचे थोरले मामा प्रूफ हातात धरून लालबुंद झाले होते. "आमचं नाव एवढं खाली का?" बसू शांतपणे म्हणाला, "मामा, खाली न्हाई, शेवटी हाय. शेवटचं नाव माणूस लक्षात ठेवतो." मामा म्हणाले, "मग धाकल्याला टाका शेवटी. राहू द्या त्येलाच लोकांच्या लक्षात!" दुकान हसलं, मामाही हसले, आणि नाव वर गेलं.

तो मला म्हणायचा की माणूस पत्रिकेत खालून वर चढत जातो. आधी तो तळाशी किलबिलमध्ये असतो, 'माझ्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या पोरांच्या रांगेत. मग एक दिवस चि. होऊन मधोमध येतो. मग निमंत्रकांत जातो, आणि शेवटी अगदी वरच्या ओळीत, नावाआधी कै. लावून. लिंगायत घर असेल तर लिंगैक्य, मुसलमान घर असेल तर मरहूम. हे वरचं अक्षर लावताना बसू कधी घाई करायचा नाही. अमुक आजोबा गेले हे त्याला ठाऊक असलं, तरी घरच्यांनी तोंडानं म्हटल्याशिवाय तो नावाला हात लावत नसे. जुनीच पत्रिका उघडून पुढ्यात ठेवायचा आणि म्हणायचा, "बघा, काही बदलायचंय का?" घरची माणसं वाचत वाचत त्या नावापाशी येऊन थांबायची. कुणी डोळे पुसायचं. मग कुणीतरी म्हणायचं, "हितं... हितं लावा." मगच तो लावायचा.

या पत्रिका त्यानं जपून ठेवल्या होत्या, सगळ्या, दुकान उघडल्यापासूनच्या. छापखान्याला तयार पान गेलं की काम संपलं, असं त्याचं नव्हतं. दुपारी गल्ली सुस्तावली, गिऱ्हाईक नसलं, की तो लॅपटॉपवर एक पत्रिका दुसरीला जोडत बसायचा. ही नवरी निलंग्याहून देगलूरला गेली. तिची नणंद उदगीरच्या ज्या घरात दिली, त्या घरातली सून धर्माबादची. तिचा मामा बिलोलीचा... असं करत त्यानं एक मोठं जाळं विणलं होतं. पानांमागून पानं, चौकटीत नावं आणि चौकटींना जोडणाऱ्या रेघा. मला ते दाखवताना त्याचा आवाज हळू व्हायचा, झोपलेलं मूल दाखवावं तसा. पडद्यावर बोट फिरवत तो म्हणायचा, "हे बघ, ही दोन घरं वीस-पंचवीस कोसांवर. एकमेकांची तोंडं बघितली न्हाईत. पण हिकडून चालत गेलं की तिकडं निघतंय माणूस." मध्येच कुठं प्रेमविवाह झालेला असायचा, जात ओलांडून केलेला. तिथं तो रेघ जाड करायचा. "हे आपले पूल," म्हणायचा. माझं गाव आणि त्याचं गाव यांच्यामध्ये त्याला अजून दोन-तीन जागा मोकळ्या दिसत होत्या. "भरतील. घाई काय हाय?" कुणी विचारलं नव्हतं, कुणी छापणार नव्हतं. तो नुसता बघत बसायचा. आमच्याकडच्या उन्हाळ्यातल्या दुपारी, बाहेर रस्ता वितळल्यासारखा दिसत असताना, मीही त्याच्या शेजारी बसून ती नावं बघत राही, आणि वाटे की सगळा मुलूख एकाच घरासारखा निजलेला आहे.

त्या लॅपटॉपची वायर घरी सॉकेटपासून बाजेपर्यंत आडवी ओढलेली असायची. महानंदा वहिनी कुरडयांचं ताट घेऊन गच्चीवर निघाल्या होत्या, वायर पायात आली, आणि लॅपटॉप फरशीवर पडला. काही दिवस तो चालला. मग एक पान उघडायला चहा होईल एवढा वेळ लागायला लागला, आणि आतून टक्‌... टक्‌... असा आवाज यायला लागला. मी फोनवर म्हणालो, हार्ड डिस्क जायला लागली आहे, आता चालूच करू नकोस, उचलून इकडं आण. लातूरमध्ये दुरुस्तीची दुकानं काय कमी होती? पण तो म्हणाला, "लोकांच्या घरची नावं हायत आत. परक्या हातात कशाला?"

तो आला तेव्हा लॅपटॉप वहिनींच्या जुन्या सुती साडीत गुंडाळलेला होता, मांडीवर धरून आणलेला. रात्रभर त्याला झोप नव्हती. विष्णुपुरीच्या रस्त्याला माझं घर आहे. जेवण झालं, मी टेबलावर पांढरा कपडा अंथरला आणि लॅपटॉप पालथा घालून स्क्रू काढायला लागलो. तो वाकून बघत होता. जुनी डिस्क हातात आली तेव्हा म्हणाला, "एवढीशीच? एवढ्यात बसलेत सगळे?" मी तिच्या जागी नवी, बिनआवाजाची डिस्क बसवली, पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकायला लावलं. जुनी डिस्क एका डबीत घालून वायरनं बाहेरून जोडली आणि तिच्यातलं नवीवर उतरवायला सुरुवात केली. हिरवी पट्टी मुंगीसारखी सरकत होती. "झोप जरा," मी म्हणालो. "झालं की उठव," तो म्हणाला, आणि सतरंजीवर अंग टाकताच घोरायला लागला.

ती दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. पडदा वाऱ्यानं आत येत होता आणि मागे जात होता. डिस्क मध्येच थांबायची, मी श्वास रोखायचो, मग ती पुन्हा चालायची. मलाही डुलकी लागत होती. पंख्याचा आवाज, बसूचा श्वास आणि ते टक्‌टक्‌ हे तिन्ही एकात मिसळून गेले होते. शेवटी पट्टी भरली आणि थोड्याच वेळात जुनी डिस्क एकदा करकरून कायमची गप्प झाली. म्हणजे आता जे होतं ते नव्या डिस्कवर, दुसरीकडे कुठेही नाही. मी एक पत्रिका उघडली. आत मराठीचं एक अक्षर नव्हतं. कंस, टिंबं दिलेली इंग्रजी अक्षरं, उलटे स्वल्पविराम, चिन्हांची नुसती रांग. दुसरी उघडली, तेच. जाळं उघडलं. रेघा होत्या, चौकटी होत्या, आणि चौकटींत तोच कचरा. डिस्क मेलेली होती, तिच्यातून येईल ते मोडकंच येईल अशी माझ्या मनाची आधीच तयारी होती, म्हणून जे दिसलं ते मला मोडकंच दिसलं. मी बसूकडे पाहिलं. तोंड किंचित उघडं, हात छातीवर... उठवून हे दाखवायचं? मला ते क्रूर वाटलं. मला वाटलं, उठेल तेव्हा निदान लॅपटॉप तरी कोरा करकरीत हातात द्यावा. मी तो सगळा कचरा पुसला. एवढ्यावर न थांबता नवी डिस्क पूर्ण साफ करून विंडोज पुन्हा एकदा पहिल्यापासून टाकलं. एखाद्यानं मयताच्या घरी झाडून घ्यावं, तसं मन लावून केलं.

ऊन उतरल्यावर तो उठला. "झालं का सोयरे?"

"लॅपटॉप झाला. आतलं नाही निघालं, बसू."

"पत्रिका?"

मी मान हलवली.

"जाळं? एक बी पान उघडंना?"

"एक पण नाही," मी म्हणालो. खरं म्हणजे मी चार-पाचच उघडून पाहिली होती.

तो उठून पडद्यासमोर बसला. निळ्या पडद्यावर त्याचा चेहरा दिसत होता. तो म्हणाला, "लई स्वच्छ केलायस." मग म्हणाला, "महानंदाच्या हातून पडला, तवाच गेलं असंल न्हवं आतलं?"

मी म्हणालो, "हो. धक्का बसला की डिस्क जातेच."

त्या क्षणी मला ते खरंच वाटत होतं. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "मग तू का तोंड पाडून बसलास? तुझा काय दोष? चहा ठेव."

पुढच्या शैक्षणिक वर्षी आमच्या शाळेत नवे संगणक आले. जुन्या प्रश्नपत्रिका मी नव्या मशीनवर घेतल्या, एक उघडली, आणि माझा हात माऊसवरच थांबला. तेच कंस, तीच टिंबं, तेच उलटे स्वल्पविराम. शेजारीच जुना संगणक चालू होता आणि त्याच्यावर तीच प्रश्नपत्रिका स्वच्छ मराठीत दिसत होती. जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टचं असं असतं की तो फॉन्ट मशीनमध्ये असला तरच अक्षरं मराठी दिसतात, नसला तर कचरा दिसतो. मजकुराला काही झालेलं नसतं. मी जुन्या मशीनवरून फॉन्ट उचलून नव्यात टाकला आणि पान पुन्हा उघडलं. 'इयत्ता आठवी. विषय मराठी.' सगळं जागच्या जागी. मी वर्गात मुलांसमोर उभा होतो आणि मला बसवराजच्या त्या चौकटी दिसत होत्या. त्या नव्याकोऱ्या विंडोजमध्ये त्याचा फॉन्ट नव्हता, एवढंच झालं होतं. सगळी नावं जिवंत माझ्यासमोर बसली होती, आणि मी त्यांना पुसून टाकलं होतं. बसूनं लॅपटॉप घरी नेल्यावर पहिलं काम केलं असेल ते तोच फॉन्ट टाकण्याचं.

सर्व्हिसिंगच्या नावाखाली मी एकदा त्याचा लॅपटॉप मागून आणला, पुसलेलं परत मिळवायचे जेवढे उपाय माहीत होते तेवढे केले. काही आलं नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं. का सांगितलं नाही? त्यानं मला आधीच माफ करून टाकलं होतं, माझी खरी चूक ठाऊक नसतानाच. ती माफी परत द्यायची हिंमत माझ्यात नव्हती. शिवाय मला वाटलं, आता सांगून काय परत येणार आहे...

पण बसू थांबला नव्हता. त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली. गावोगाव जाऊन लोकांच्या ट्रंकेतल्या, देवघरातल्या जुन्या पत्रिका मागायला लागला. एका रविवारी मला घेऊन देगलूरला गेला. माझ्या मोटरसायकलवर मागे बसून तो रस्ताभर गावांची नावं घेत होता आणि त्या गावात कोण कुणाकडं दिलंय ते माझ्या कानात सांगत होता. वाऱ्यात अर्धं ऐकू येई, अर्धं उडून जाई. ज्वारी पोटरीला आलेली, मांजरा नदीचं पात्र ऊन पिऊन पडलेलं. मला वाटलं, हा रस्ता संपू नये, म्हणजे मला काही सांगावं लागणार नाही. देगलूरच्या एका घरी चहा आला, घरच्या बाईनं विचारलं, "एवढं सगळं होतं तुमच्याकडं, मग गेलं कसं?" बसूनं हसत सांगितलं, "आमच्या मंडळींच्या हातून लॅपटॉप पडला. सगळं खानदान एका झटक्यात साफ!" घर खदखदून हसलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पत्रिका मागायची तर काहीतरी कारण सांगावं लागे, आणि हे कारण सोपं होतं, लोकांना आवडत होतं. तो प्रत्येक घरी हेच सांगायचा. पत्रिका घेऊन यायचा आणि तेवढा किस्सा मागे ठेवून यायचा. परत येताना मी तोंड उघडलं होतं. "बसू, त्या डिस्कचं..." तो म्हणाला, "सोड रे ते आता," आणि पुढच्या गावाचं नाव घेतलं. मी सुटल्यासारखा गाडी चालवत राहिलो.

मग माझ्या पुतणीचं बिलोलीला लग्न झालं. पत्रिका अर्थातच बसूची. तो आणि वहिनी आदल्या दिवशीच आले. पंगत बसली, वहिनी पदर खोचून बुंदीची परात घेऊन वाढायला उठल्या. मी पाण्याचा जग घेऊन मागे होतो. पंगतीतली एक बाई मोठ्यानं म्हणाली, "महानंदाबाई, परात जपून धरा बरं, लॅपटॉप न्हवं ती!" सगळी ओळ हसली. वहिनीही हसल्या. चार पानांवर बुंदी वाढून झाली. मग त्यांनी परात दोन्ही हातांनी हळूच सतरंजीवर ठेवली, पदर सोडला आणि आत जाऊन बसल्या. त्यानंतर कुठल्याच लग्नात त्या वाढायला उठल्या नाहीत, हे मला बसूच्याच बोलण्यातून कळलं. "काय झालंय कोण जाणे," तो म्हणायचा, "दुकानात बी पाय ठेवंना. मशीनला हात लावंना." मला माहीत होतं काय झालंय. आणि त्या दिवशी पंगतीत, हातात जग घेऊन, मीही हसलो होतो.

बसूचं दुसरं जाळं पहिल्याच्या निम्म्यावरही आलं नाही. लोक जुन्या पत्रिका ठेवत नाहीत. आमच्या दोन गावांमधल्या मोकळ्या जागा मोकळ्याच राहिल्या.

त्याचे दिवस झाल्यावर मी पुन्हा लातूरला गेलो. बसमध्ये डोळा लागला आणि स्वप्न पडलं. रस्त्यावरच्या पाट्यांवर गावांची नावं नव्हती, तेच कंस आणि टिंबं होती. मला उतरायचं कुठं ते कळेना. शेजारी बसू बसला होता. तो प्रत्येक पाटी घडाघड वाचत होता आणि मला म्हणत होता, "दिसंना होय तुला? मग उठवायचं न्हाई का मला?" जाग आली तेव्हा लातूर आलं होतं.

घरात वहिनी एकट्याच होत्या. पाहुण्यांची ये-जा संपली की घर मोठं वाटायला लागतं, तसं ते झालं होतं. त्यांनी चहा दिला, समोर बसल्या, आणि खूप वेळ हातातली बशी पुसत राहिल्या.

"भाऊजी, एक इचारू? तुमच्याशी ते सगळं बोलायचे."

"विचारा ना, वहिनी."

"माझ्या हातून त्यांचं ते गेलं. मला कधी एका शब्दानं बोलले न्हाईत, हसण्यावारी न्यायचे. पर जाताना... त्यांच्या मनात ते ऱ्हायलं असंल का?"

मी कप खाली ठेवला. मग सांगितलं. डिस्कमधून सगळं निघालं होतं, नवीवर उतरलं होतं, मला ते ओळखता आलं नाही, आणि तो शेजारी झोपलेला असताना मी ते पुसलं. माझं संपल्यावर वहिनींनी एकेक शब्द तोलून विचारलं.

"म्हंजे मी पाडल्यानं काय गेलं न्हवतं."

"नाही."

"आणि हे तुम्हाला बिलोलीच्या लग्नात ठावं होतं?"

"...हो."

त्या उठल्या. मला वाटलं, आता दार दाखवतील. त्यांनी खिडकी उघडली आणि बाहेर बघत उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "वहिनी, मला माफ करा."

"हितं नको," त्या म्हणाल्या. "बंद घरात मला कशाला सांगता? ते घरोघर सांगत फिरले. त्यांना ठावं न्हवतं, त्यांचं काय चुकलं न्हाई. तुम्हाला ठावं होतं. तुम्ही पेपरात लिहिता न्हवं अधूनमधून? मग लिवा. माझं नाव घालून लिवा. आणि गुळमुळीत लिवू नका."

म्हणून हे लिहिलं. उदगीर, निलंगा, देगलूर, धर्माबाद, बिलोली, जिथं जिथं बसवराज जुन्या पत्रिका मागायला तुमच्या दारी आला होता आणि तुम्ही त्याला चहा पाजला होता, त्या सगळ्या घरांना सांगतो. लॅपटॉप पडला होता, पण त्यानं एकही नाव गेलं नव्हतं. महानंदा वहिनींच्या हातून काहीही गेलं नाही. जे गेलं ते माझ्या हातानं गेलं. ते मला ठाऊक असताना मी त्यांना तुमच्या हसण्यात एकटं सोडलं, आणि स्वतःही हसलो. वहिनी, मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो.